सावलीचा ताण

जबलपूरच्या डुमना विमानतळावर २७ जून २०२४ रोजी जोराचा पाऊस झाला. नव्या टर्मिनलसमोर प्रवाशांना उतरवण्याच्या जागेवर ताणून बसवलेले कापडी छत साचलेल्या पाण्याच्या वजनाने फाटले आणि खाली उभ्या असलेल्या मोटारीवर आले. मोटारीचा टप चेपला. आत कोणी नव्हते म्हणून निभावले. टर्मिनलच्या उद्घाटनाला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे दिल्ली विमानतळाच्या टर्मिनल एकवर लोखंडी खांबांसह छताचा भाग कोसळला आणि एका टॅक्सीचालकाचा जीव गेला. तिसऱ्या दिवशी राजकोटच्या नव्या विमानतळावर साचलेले पाणी काढण्याचे काम सुरू असताना कापडी छत फाटले. तीन दिवसांत तीन छते पडली. वर्षभराने, २५ मे २०२५ च्या मध्यरात्रीनंतर, दिल्लीच्या त्याच टर्मिनल एकबाहेरच्या कापडी छताचा एक भाग वादळी पावसात खाली आला. कापडाने दाबाशी जुळवून घेत पाणी सोडून दिले, असे विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचे म्हणणे होते. या म्हणण्यात शास्त्र अगदीच नाही असे नाही. पण ज्याच्या डोक्यावर ते पाणी सोडले जाईल, त्याचे समाधान त्याने होणार नाही.

जबलपूर गोंदियापासून रेल्वेने अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. दोन्हीकडचा उन्हाळा आणि पाऊस जवळपास सारखाच. म्हणून हा प्रश्न विमानतळांचा म्हणून सोडून देता येत नाही. गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन फेब्रुवारी २०२४ मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते झाले. २०१६ पासून हे महाविद्यालय शहरातल्या केटीएस आणि बाई गंगाबाई या जुन्या रुग्णालयांच्या आधाराने चालत आले आहे. गोंदियात उपचारासाठी फक्त जिल्ह्यातले लोक येत नाहीत; बालाघाटकडचे येतात, छत्तीसगडच्या सीमेवरचे येतात. एका रुग्णामागे दोन-तीन नातेवाईक, आणि त्यांचा मुक्काम आवारात. मोठे रुग्णालय उभे राहिले की दारासमोर पहिली गरज सावलीची असते, आणि त्या गरजेवर आज बाजारात सहज मिळणारे उत्तर म्हणजे ‘टेन्साइल शेड’: पांढरे, टोकदार, जहाजाच्या शिडासारखे दिसणारे कापडी छत. पेट्रोल पंप, शाळांची प्रवेशद्वारे, मंगल कार्यालये, वाहनतळ, सगळीकडे ते दिसू लागले आहे. कुडव्याच्या आवारात काय बसवायचे ते ठरवणारे ठरवतील. त्या आधी हे छत उभे कशावर राहते, ते नीट समजून घेतलेले बरे.

वजनाचे आकडे आधी पाहावेत. सिमेंटच्या साध्या स्लॅबचे वजन एका चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो भरते. लोखंडी पत्र्याचे चार-पाच किलो. पीव्हीसीचा लेप दिलेल्या पॉलिस्टर कापडाचे साधारण एक किलो. म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद छताचे सगळे कापड शंभर किलोचे, दोन धट्टेकट्टे गडी खांद्यावर टाकून नेतील एवढे. स्लॅब स्वतःच्या वजनाने जागेवर बसून राहतो. वारा त्याचे फारसे काही करू शकत नाही. कापडाला वजनच नाही, म्हणून त्याला ताणाने बसवावे लागते. ताण गेला की उरते ते वाळत घातलेले धुणे.

धुण्याचीच दोरी घेतली तर यातले गणित कळते. चार मीटरच्या दोरीच्या मध्यावर दहा किलोचे ओझे टांगले आणि दोरी मध्ये चाळीस सेंटिमीटर झोळली, तर दोन्ही टोकांच्या खिळ्यांवर प्रत्येकी सुमारे पंचवीस किलोची ओढ येते. तेच ओझे ठेवून दोरी इतकी आवळली की झोळ फक्त दहा सेंटिमीटर राहील, तर ओढ शंभर किलोवर जाते. झोळ शून्य करायचा ठरवले तर जगातली कोणतीही दोरी पुरणार नाही. सपाट ताणलेल्या कापडाचे दुखणे हेच आहे: ते एक तर झोळते, नाही तर खांब ओढून पाडते. आणि झोळले की त्यात पाणी साचते.

म्हणून जाणकार रचनाकार कापड सपाट ठेवतच नाहीत. ते त्याला दुहेरी वळण देतात. माठाचा गळा बोटाने चाचपून पाहिला की हे वळण कळते: गळ्याभोवती बोट फिरवले तर एक वळण, वरून खाली नेले तर त्याच्या उलट दिशेचे दुसरे. घोड्याचे खोगीर असेच असते. अशा आकारात कापडाचे एका दिशेचे धागे वरून येणारे वजन पेलतात आणि आडव्या दिशेचे धागे खालून उचलणारा वारा अडवतात. दोन्ही दिशांचे धागे एकमेकांना सतत ओढून धरतात, त्यामुळे कोणत्याही बाजूने भार आला तरी आकार फार बदलत नाही. टेन्साइल छताची टोके वर-खाली असतात आणि मधेच शंकूसारखे शिखर असते, ते शोभेसाठी नव्हे. ती उंची कमी केली की खर्च कमी होतो आणि छत दिसतेही आटोपशीर. पण त्याच वेळी त्याचा कणा काढून घेतलेला असतो.

हे शास्त्र सिद्ध केले ते जर्मन वास्तुरचनाकार फ्राय ओटो यांनी. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये युद्धकैदी असताना हाताशी सामान नसेल तेव्हा कमीत कमी साहित्यात निवारा कसा उभारायचा, याचे धडे त्यांना मिळाले. पुढे ते तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवून वर काढत. त्या चौकटीत जो पातळ पडदा तयार होतो, तो निसर्गतःच सर्वत्र सारखा ताण असलेला असतो. त्याची मोजमापे घेऊन छताचा आकार ठरे. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनातला जर्मन मंडप आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकची छते त्यांच्याच विचारातून आली. आता साबणाचे काम संगणक करतो, परंतु प्रश्न तोच असतो: या चौकटीत कापडाला कोणता आकार हवासा वाटतो? छत बसवणाऱ्याने हा प्रश्न न विचारता चार खांब रोवून कापड बांधले असेल, तर तो मंडपच झाला. फरक एवढाच की मंडप लग्न लागले की उतरवतात.

पाण्याचा हिशेब आणखी सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, अर्थात एक किलो पाणी. शंभर चौरस मीटरच्या छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की पाच हजार लिटर, म्हणजे पाच टन पाणी त्यावरून गेले. ते वाहून गेले तर काहीच बिघडत नाही. परंतु कुठे तरी तीन मीटर बाय तीन मीटरचा भाग किंचित सपाट राहिला आणि त्यात सरासरी दहा सेंटिमीटर पाणी थांबले, तर नऊशे किलो एका जागी साठले. सगळ्या कापडाच्या वजनाच्या नऊ पट. त्या वजनाने कापड आणखी खाली जाते, खड्डा मोठा होतो, आजूबाजूचे पाणी तिकडे वळते, खड्डा आणखी मोठा होतो. पत्र्यावर किंवा स्लॅबवर पाणी साचले तर साचते आणि थांबते. कापडावर साचणे स्वतःच स्वतःला वाढवत नेते, आणि पाऊस थांबल्याशिवाय किंवा काही तरी तुटल्याशिवाय ते थांबत नाही. जबलपूर आणि राजकोटला दिसले ते हेच. गोंदिया तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वर्षाला सरासरी बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बराचसा मोजक्या मोठ्या सरींत. धानाच्या बांधीला लागणारे साचलेले पाणी छताला सोसत नाही.

वाऱ्याचा हिशेब उलट्या दिशेचा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या दाबासाठी असलेल्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे तासाला दीडशे किलोमीटरहून अधिक. एवढ्या वाऱ्याचा दाब ढोबळमानाने चौरस मीटरला ११८ किलो होतो. शंभर चौरस मीटरच्या छतावर ही ओढ बारा टनांच्या घरात जाते, आणि ती बहुतेक वेळा वर उचलणारी असते. कापड शंभर किलोचे आणि उचल बारा टनांची. अशा छताचा पाया ओझे पेलण्यासाठी नसतो, छत जमिनीला धरून ठेवण्यासाठी असतो. तंबूच्या खुंटीचे काम त्याला करायचे असते. जमिनीवरून चकचकीत खांब दिसतात, बेसप्लेटचे बोल्ट दिसतात. त्याखाली किती काँक्रीट आहे ते दिसत नाही. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळात पडलेला १२० बाय १२० फुटांचा फलक हे याचेच उदाहरण होते. तो कापडी छताचा प्रकार नव्हता, पण वाऱ्याला भलीमोठी छाती दाखवणारा पडदाच होता, आणि त्याचा पाया पुरेसा नव्हता, असे तपासातून पुढे आले. १७ जणांचा जीव गेला.

घाटकोपरच्या दुर्घटनेत आणखी एक गोष्ट होती, आणि सार्वजनिक छतांच्या चर्चेत ती हमखास सुटते. फलक पेट्रोल पंपावर पडला, आणि वादळ आले म्हणून अनेक जण त्या पंपाच्या आडोशाला थांबले होते. अकोला जिल्ह्यातल्या पारसला ९ एप्रिल २०२३ रोजी अवकाळी वादळात मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कडुनिंबाचे जुने झाड कोसळले. सात भाविक दगावले. तेही पावसामुळे शेडखाली गोळा झाले होते. घराच्या छतावर जास्तीत जास्त भार येतो तेव्हा घरात नेहमीचीच माणसे असतात. उघड्यावरच्या छताचे तसे नाही. त्यावर वारा आणि पाण्याचा सर्वाधिक भार ज्या क्षणी येतो, नेमक्या त्याच क्षणी त्याखाली सर्वाधिक गर्दी होते. उन्हात दहा माणसे असतील तिथे सर आली की पन्नास होतात. रुग्णालयासमोर तर स्ट्रेचरही तिथेच थांबते. म्हणून ‘सावलीपुरते तर आहे’ हे कारण अशा छताच्या बाबतीत चालणार नाही. सावलीसाठी बांधले तरी लोक ते पावसासाठी वापरणारच.

मग सावलीच नको का? ती तर हवीच, आणि विदर्भात ती औषधाइतकी हवी. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात नवतप्याच्या दिवसांत त्याला कोणी ऊन म्हणत नाही. परंतु हवेचे तापमान हा अर्धाच हिशेब असतो. दुपारच्या उन्हात जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊर्जा पडते, आणि मोकळ्यावर बसलेले शरीर ती थेट शोषते. दमट हवेत घाम वाळत नाही, तेव्हा ती बाहेर टाकायलाही वाट राहत नाही. सावली हवेचे तापमान फारसे उतरवत नाही. ती ही थेट भट्टी बंद करते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या शरीरातले पाणी कमी झाले तर रक्तपेशी अडकून वेदनेचे झटके येऊ शकतात. तपासणीच्या रांगेत दोन तास उन्हात उभे राहणे अशा मुलासाठी निव्वळ गैरसोय नसते.

सावली कशाची, यानेही फरक पडतो. भर दुपारी गंजलेला किंवा रंग दिलेला पत्रा ६५ अंशांपर्यंत तापू शकतो. त्याखाली बसलेल्या माणसाला ऊन लागत नाही, पण डोक्यावरचा पत्राच चुलीसारखी धग देत राहतो. ३५ अंश त्वचेच्या माणसाला ६५ अंशांच्या छताकडून मिळणारी निव्वळ उष्णता ही ४५ अंशांच्या छताकडून मिळणाऱ्या उष्णतेच्या साधारण तिप्पट असते, कारण हे प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. पांढरे कापड बरेचसे ऊन परतवते, पातळ असल्याने उष्णता साठवून ठेवत नाही आणि उंच शिखरातून गरम हवा वर निघून जाऊ देते. सौदी अरेबियात जेद्दाच्या हज टर्मिनलमध्ये हेच तत्त्व वापरले गेले. आजच्या बांगलादेशात जन्मलेले अभियंते फझलुर रहमान खान यांच्या चमूने टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचे २१० तंबू तिथे उंचावर टांगले. हजारो यात्रेकरूंसाठी प्रचंड मोकळी जागा वातानुकूलित न करता सुसह्य झाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिलेली ती छते अजून नावाजली जातात. मुंबईत वानखेडे स्टेडियमच्या २०११ च्या नूतनीकरणातही टेफ्लॉनच्या कापडाचे छत आले, कारण मधे खांब नकोत आणि वजनही नको. तेव्हा कापडी छत म्हणजे दिखाऊ आणि तकलादू, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

मात्र जेद्दाला पाऊस नावापुरता पडतो, आणि वानखेडेच्या छताची देखभाल करायला पैसेवाली संघटना आहे. जिल्हा रुग्णालयाच्या आवारात दोन्ही सोयी नाहीत. तिथले कापड बहुधा पीव्हीसीचे असते, कारण टेफ्लॉन-काचतंतूंचे कापड कितीतरी महाग पडते. चांगले पीव्हीसी कापड पंधरा-वीस वर्षे टिकते, पण ते ऊन आणि ताणाने हळूहळू सैल होत जाते. खाटेची नवार काही महिन्यांनी ओढून घ्यावी लागते, तसेच इथेही आहे. पहिल्या वर्षात तर हमखास. कडेच्या पोलादी दोऱ्या आणि टोकांचे स्क्रू त्यासाठीच असतात. ते एकदा बसवून गंजू दिले की ताण परत आणण्याची सोय संपली. गोंदियात आणखी एक स्थानिक अडचण आहे. राइस मिलमध्ये धानाच्या भुशावर बॉयलर चालतात, आणि त्या राखेचा थर पांढऱ्या कापडावर बसला की ते पांढरे राहत नाही. मळलेले कापड ऊन परतवण्याऐवजी शोषू लागते. म्हणजे धुणे हेही सौंदर्याचे काम न राहता उष्णतेचेच काम होते.

आगीचा मुद्दा थोडक्यात. हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या कार्यक्रमाच्या कृत्रिम धाग्याच्या मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे, त्यात बहुतांश मुले आणि स्त्रिया, गेली. मक्केजवळच्या मिना येथे १९९७ मध्ये तंबूंच्या आगीत ३४० हून अधिक यात्रेकरू मेल्यावर सौदी सरकारने तिथले तंबू बदलून अग्निरोधक कापडाचे केले. तात्पुरत्या मंडपांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतात आयएस ८७५८ हे मानक आहे. रुग्णालयासमोरच्या छतासाठी कापडाच्या ज्वलनचाचणीचा दाखला मागणे यात काही जगावेगळे नाही.

खरी अडचण खरेदीच्या पद्धतीत आहे. ग्रामपंचायत असो की सार्वजनिक बांधकाम विभाग, छत बहुतेक वेळा चौरस फुटाच्या दराने मागवले जाते. ज्याचा दर कमी त्याचे काम. परंतु कापडी छतात कापड हा स्वस्त भाग आहे. आकाराची उंची, पायातले काँक्रीट, पोलादी दोऱ्या, जोडांची शिलाई-वितळणी आणि आकाराचे गणित करणारा अभियंता, या सगळ्याला पैसे लागतात, आणि चौरस फुटाच्या दरात या सगळ्याचे पैसे वाचवता येतात. छत उथळ केले की कापडही कमी लागते आणि खांबही बुटके चालतात. कागदावर क्षेत्रफळ तेवढेच भरते. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने २०१० मध्ये अशा छतांसाठी वेगळे मानक काढले, त्याचे कारण उघड आहे: पत्र्याच्या शेडचे नियम इथे पुरे पडत नाहीत. निविदेत कापडाच्या दराआधी वारा आणि पावसाच्या भाराचे गणित, आकाराचा नकाशा, पाणी कोणत्या टोकाला उतरेल आणि तिथून कुठे जाईल याची आखणी, तसेच पाच वर्षांच्या ताण-तपासणीचा करार मागितला, तर निम्मे देकार आपोआप गळतील. गळू द्यावेत.

आणि प्रत्येक ठिकाणी ते हवेच असेही नाही. वाहनतळाला, किंवा नातेवाईक दुपारचा डबा खातात त्या कोपऱ्याला, उन्हाळ्यापुरती शेडनेटची जाळी पुरते. जाळीतून वारा जातो आणि पाणी गळते, म्हणून तिच्यावर पाण्याचा खड्डा तयार होत नाही. लग्नातला हिरव्या डहाळ्यांचा मांडव याच तत्त्वाचा. त्याने कोणाला चिरडल्याचे ऐकिवात नाही. जाळी मृगाआधी उतरवून गुंडाळून ठेवता येते. झाडांना पर्याय नाहीच, पण नव्या आवारातले झाड सावली देण्याइतके व्हायला आठ-दहा वर्षे जातात आणि रुग्ण आजच येतात. तेव्हा कडुनिंब आजच लावायचे, जाळी उन्हाळ्यात बांधायची, आणि जिथे स्ट्रेचर व रांग भर पावसातही थांबणार आहे तेवढ्याच जागेला पक्के छत द्यायचे. ते कापडी असले तर त्याच्या हिशेबाने, नाही तर सरळ काँक्रीटचे. खर्चाचा आकडाही अशा वाटणीत आटोक्यात राहतो.

बांधून झालेले छत ताब्यात घेताना एक चाचणी कोणालाही करता येईल. तिला प्रयोगशाळा लागत नाही. छताखालून माणसे बाजूला काढायची, अग्निशमन दलाचा बंब बोलवायचा आणि कापडावर सर्व बाजूंनी दहा मिनिटे पाणी मारायचे. पाणी बंद केल्यावर आणखी पंधरा मिनिटांनी लांबून, तिरक्या नजरेने खालची बाजू पाहायची. पाणी थांबले असेल तिथे कापड पोटासारखे खाली आलेले दिसते, आणि पांढऱ्या कापडातून उजेड झिरपत असल्याने त्या जागी पाण्याचे हलते कवडसेही दिसतात. असे एकही पोट दिसले, तर ठेकेदाराचे शेवटचे बिल थांबवून कापड पुन्हा ओढून घ्यायला लावायचे. आणि हीच चाचणी दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा संपायच्या आत, परत करायची.